अरण्याचा तुलाभार

पुण्य मोजता येते काय, हा प्रश्न जुना आहे. आपण जप मोजतो, प्रदक्षिणा मोजतो, कितवी वारी ते अभिमानाने सांगतो. पण माळेचे मणी मोजले म्हणजे नाम मोजले, असे कोणी जाणता वारकरी म्हणणार नाही. मणी हा बोटाला आधार, गोडी नामात. मोजणे वाईट नव्हे. परंतु मोजण्याचे साधन आणि मोजायची वस्तू यांची गल्लत झाली की परमार्थाचा बाजार होतो. ही गोष्ट भजनाच्या बाबतीत आपल्याला पटकन कळते. झाडांच्या बाबतीत सध्या जगभर जो हिशेब चालला आहे त्यात मात्र ती पुष्कळांच्या ध्यानातून निसटलेली दिसते. आणि तो हिशेब आता मराठवाड्याच्या माळांपर्यंत येऊन पोहोचला आहे, म्हणून हा विषय येथे घेतला.

हिशेब असा. झाड हवेतला कर्बवायू ओढून घेते आणि त्याचे लाकूड करते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास नुसता कर्ब असतो. ते लाकूड जळाले किंवा कुजले की एका किलो कर्बापासून साडेतीन किलोंहून अधिक वायू पुन्हा हवेत जातो. हा वायू वाढला की पृथ्वीची उष्णता कोंडून राहते आणि पाऊस बिथरतो. मृग कोरडा जातो आणि सोयाबीन पदरात पडायच्या वेळी आभाळ फाटते, हे आम्ही शेतकऱ्यांना सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने ते डोळ्यांनी पाहिले. माणसे जो कर्बवायू हवेत सोडतात त्यातला सुमारे दहावा हिस्सा जंगलतोडीचा. बाकीचा बव्हंशी कोळसा आणि तेल जाळल्याचा. म्हणून २००७ साली बाली बेटावर राष्ट्रांची परिषद भरली तेव्हा अशी योजना पुढे आली की, गरीब राष्ट्रांनी आपली जंगले तोडण्याचे थांबवावे आणि धनिक राष्ट्रांनी त्यासाठी त्यांना द्रव्य द्यावे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'रेड प्लस' म्हणतात. २०१० साली मेक्सिकोतील कानकुन येथे तिला बंधने घातली गेली: नैसर्गिक अरण्य मोडून त्या जागी लागवड करू नये, तेथील जीवजाती राखाव्यात, तेथे राहणाऱ्या लोकांचे हक्क मानावेत. आपल्या देशाने २०१८ साली आपले धोरण जाहीर केले. शिवाय २०३० पर्यंत झाडाझाडोऱ्यातून अडीचशे ते तीनशे कोटी टन जास्तीचा कर्बवायू शोषून घेऊ, असा शब्द भारताने जगाला दिलेला आहे.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. मुळात वाईट काही नाही. आजवर बाजारात आडव्या झाडालाच भाव होता; तोडले तर पैसा, राखले तर कोरडी शाबासकी. उभ्या झाडाला किंमत आहे असे व्यापारी बोलू लागले ही गोष्ट लहान नाही. पण व्यापारी बोलू लागला म्हणजे काटा आला, आणि काटा आला म्हणजे काय तोलायचे हा प्रश्न आला.

आमच्या परभणी जिल्ह्यात, त्यातही पालम भागात, अरण्य म्हणावे असे फारसे उरलेले नाही. गोदावरीकाठची काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी; दक्षिणेस बालाघाटाच्या उतरत्या टेकड्या; आणि गावोगाव उरलेसुरले गायरान व माळ. म्हणून येथे हा प्रश्न जंगल राखण्याच्या वेषाने येत नाही, झाडे लावण्याच्या वेषाने येतो. मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर एका शेतकऱ्याने आम्हांला विचारले, "महाराज, गायरानावर झाडं लावायची म्हणून माणसं येऊन गेली. म्हणतेत, झाडाच्या हवेचे पैशे भेटतेत. एकाच जातीची दाट झाडं लावायची अन् भोवती तार ओढायची. ह्यात पुण्य हाय का न्हाई?" शेजारी एक म्हातारे धनगरबाबा बसले होते. ते म्हणाले, "पुण्य ऱ्हाऊ द्या महाराज, माझी मेंढरं कुठं जातेत ते इचारा की!"

दोघांचेही विचारणे वाजवी होते. आधी पुण्याचे पाहू.

सत्यभामेच्या तुलाभाराची कथा भाविकांना ठाऊक आहे. नारदांनी श्रीकृष्णच दान मागून घेतला, आणि सोडवायचा तर त्याच्या भारंभार सोने द्या म्हणाले. भामेने अंगावरचे उतरवले, कोठारे रिकामी केली, पारडे तसूभर हलेना. मग रुक्मिणीमातेने एक तुळशीपत्र ठेवले आणि पारडे समतोल झाले. कीर्तनात येथे आपण भक्तीचा महिमा गातो, तो यथार्थच आहे. पण कथेत आणखी एक बारीक खूण आहे. काटा खोटा नव्हता, सोनेही खोटे नव्हते. जी वस्तू सोन्याच्या जातीची नाही ती सोन्याने तोलायला काढली, हा दोष. कापड गजाने मोजावे, दूध मापाने. मापाने कापड मोजू गेलात तर माप चुकीचे ठरत नाही, मोजणारा हास्यास्पद होतो. कर्बाच्या काट्यावर अरण्य घातले तर तो काटा खरेच बोलतो. मात्र अरण्याविषयी बोलत नाही, अरण्यातल्या कर्बाविषयी बोलतो.

त्या काट्याला निलगिरीची रांग आणि देवराई सारखीच. सरकारी मोजणीतही एक हेक्टराचा तुकडा असावा आणि त्यावर दहा टक्के झाडांची छाया असावी, एवढ्याने त्याला वनाच्छादन म्हणतात. झाड कोणते, लावलेले की आपसूक आलेले, जमीन कोणाची, हे त्या व्याख्येत विचारीत नाहीत. २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशातले वनाच्छादन व वृक्षाच्छादन मिळून २५.१७ टक्के आहे. आकडा खोटा नाही. पण त्यात अरण्य किती आणि बागा-लागवडी किती, हे तो एकटा सांगू शकत नाही. उपग्रह वरून पाहतो. त्याला सावली दिसते, सावलीला बसलेला जीव दिसत नाही.

उंबर घ्या. औदुंबर म्हणून आपण त्याला नमस्कार करतो. फळ फोडले की आतून केंबरे उडतात, ते पाहून आपण ते टाकून देतो. पण त्या चिलटाएवढ्या जिवावाचून उंबराला बी धरत नाही, आणि उंबरावाचून त्या जिवाला घर नाही. वडाचा सोबती वेगळा, पिंपळाचा वेगळा. रानात इतर फळे संपलेली असतात तेव्हाही कुठले ना कुठले उंबर-वड पिकलेले असते, आणि त्यावर पाखरे, वाघळे, वानरे दिवस काढतात. त्यांच्या विष्ठेतून बी लांब पडते आणि रान वाढते. आता त्या केंबराचे वजन कर्बाच्या काट्यावर किती भरेल? शून्यच म्हणा. तरी त्याला काढून घेतले तर उंबर वांझ. रुक्मिणीमातेचे पान ते हेच, असे आम्ही समजतो.

माळाची कथा याहून करुण आहे. झाड नाही म्हणजे जमीन ओसाड, असा एक समज साहेबाच्या काळापासून कागदोपत्री बसला आहे. माळ ओसाड नसतो. तेथे कुसळी, मारवेल, पवन्या असे गवत. त्यात लावे, तितर, चंडोल, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. ससा, खोकड, लांडगा, काळवीट तेथेच नांदतात. यांतल्या पुष्कळांना दाट झाडी मानवत नाही. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य केले. आज तेथे एखादा दिसला तरी बातमी होते, आणि सबंध देशात ते दीडशेच्या आतच उरले आहेत. त्यांच्या ऱ्हासाला कारणे अनेक. गवताळ माळावर झाडोरा लावला गेला हेही त्यांपैकी एक, असे जाणकार सांगतात. गंमत अशी की गवतसुद्धा कर्ब साठवते, पण मुळांत आणि मातीत साठवते; तो वरून दिसत नाही. माळ खणून खड्डे घेतले की तो साठा उघडा पडतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोपे वाळली तर गवतही गेले आणि झाडही गेले.

तुकोबारायांचा झाडावेलींचा अभंग आपणा सर्वांस पाठ आहे, म्हणून तो येथे देत नाही. वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात तो म्हणतात. फक्त म्हणताना एवढे लक्षात घ्यावे की महाराजांनी तेथे झाडांच्या जोडीला रानातल्या जनावरांचेही नाव घेतले आहे आणि पाखरांचा आवाजही ऐकला आहे. नात्यागोत्याचा हा गोतावळा आहे. त्यातले अर्धे नातलग गाळून उरलेल्यांचे वजन करावयाचे, याला सोयरीक कोण म्हणेल?

प्रसंगाने एक आठवले. आपल्या राज्याने २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत पन्नास कोटींहून अधिक झाडे लावण्याचा संकल्प केला होता. शेवटच्या वर्षाचा आकडा होता तेहतीस कोटी. तेहतीस कोटी म्हटले की आपल्याला देव आठवतात. पण पुष्कळ शास्त्री सांगतात की तेथे कोटी म्हणजे शंभर लाख नव्हे, कोटी म्हणजे प्रकार. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य आणि आणखी दोन असे तेहतीस प्रकारचे देव. झाडांच्या बाबतीत हाच अर्थ धरला असता तर किती बहार झाली असती! तेहतीस कोटी रोपे मोजीत बसण्यापेक्षा एकेका गावाने तेहतीस प्रकारची आपल्या मातीतली झाडे राखावीत: कडुनिंब, बाभूळ, हिवर, पळस, बेल, धावडा, मोह, वड, उंबर, आणि जेथे गवताचा अधिकार आहे तेथे गवत.

आता दुसरी गोष्ट, हवेच्या पैशाची. दूरदेशीचा कारखाना धूर सोडतो, आमचे गाव झाडे राखते, आणि त्या झाडांची पावती कारखान्याच्या नावे फाडली जाते. कारखाना जगाला सांगतो, मी निर्दोष झालो. हे धर्मशास्त्रात बसते काय?

स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात पाच हिंसास्थाने सांगितली आहेत, त्यांना पंचसूना म्हणतात: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाचांत रोज नकळत जीव मरतात. शास्त्राने 'चूल विझवा' म्हटले नाही. चुलीवाचून संसार नाही. म्हटले एवढेच की या हिंसेची फेड म्हणून रोज पंचमहायज्ञ करा. त्यांतला एक भूतयज्ञ: किड्यामुंगीला, कावळ्याकुत्र्याला, दीनदुबळ्याला आपल्या अन्नातला घास. यात तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. हिंसा अटळ असेल तेवढ्याचीच ही सोय आहे, हौसेसाठी मांडलेल्या दहा चुलींची नव्हे. फेड ज्याची त्याने करावयाची. आणि फेड जिवांना पोचली पाहिजे, वहीत नव्हे.

प्रायश्चित्त दुसऱ्याकडून करवून घेता येते का, यावरही शास्त्रात विचार आहे. अगदी लहान मुलाच्या वतीने बापाने किंवा भावाने करावे, अशी सवलत आहे. धडधाकट माणसाला ती नाही. आणि भागवताच्या षष्ठ स्कंधात राजा परीक्षिताने शुकाचार्यांना जे विचारले ते तर आजच्यासाठीच विचारल्यासारखे आहे. माणूस प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच पाप करतो; मग हे हत्तीच्या स्नानासारखे व्यर्थ नाही काय? हत्ती डोहात स्वच्छ न्हातो आणि काठावर येताच सोंडेने धूळ अंगावर घेतो. धूर चालू ठेवून झाडांच्या पावत्या घेणे हे गजस्नान आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यातून पावत्याही खऱ्याच असतात असे नाही. २०२३ च्या जानेवारीत इंग्लंडच्या 'गार्डियन' या पत्राने इतरांच्या साहाय्याने शोध घेऊन लिहिले की अशा अरण्य-पावत्यांपैकी बहुतेक पोकळ आहेत. जे जंगल तुटणारच नव्हते ते वाचवले म्हणून दाखवले. पावत्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेने ते नाकारले. वाद चालू आहे.

मग काय, गावाने पैसा नाकारावा? असे सांगणे सोपे आहे, कारण सांगणाऱ्याचे पोट भरलेले असते. आम्ही तसे सांगणार नाही. ज्याने धूर केला त्याने राखणाऱ्याला द्यावे, हे ऋणच आहे. मात्र ऋण फेडणाऱ्याने दाता म्हणून मिरवू नये, आणि घेणाऱ्याने त्या पैशाच्या मापाने आपले रान कापूनबेतून घेऊ नये. जो गोतावळा आहे तो आधी राखावा; त्यात कर्ब किती साठला ते मागाहून मोजावे. क्रम उलटा केला की रान हे कर्बाचे कोठार होते, आणि कोठारात उंदीर, पाखरे, मेंढरे कोणालाच नको असतात.

येथे धनगरबाबांचा प्रश्न येतो. झाडे राखायची कोणी, आणि कोणाला बाहेर काढून? आमच्या पालमच्या शिवारावरून वाहत गेलेली गोदामाई नांदेडवरून पुढे जात सिरोंच्यापाशी प्राणहितेला भेटते. त्या प्राणहितेत वैनगंगेचे पाणी असते, आणि वैनगंगेत गडचिरोलीच्या कठाणी नदीचे. त्या कठाणीच्या खोऱ्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा नावाचे गोंडांचे लहानसे गाव आहे. शेजारच्या लेख्यावरून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. सुमारे शंभर उंबरे. त्यांच्या भोवतीचे जंगल सरकारचे, आणि त्यातला बांबू एके काळी कागदाच्या गिरणीला ठेक्याने जाई. गावाने बसून अभ्यास केला, सभा घेतल्या. त्यांच्या सभेत बहुमताने निर्णय करीत नाहीत. सगळ्यांचे एकमत होईतो बोलत राहतात. देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे पुढे होती. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला, आणि २००९ साली त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत ते आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१३ साली त्यांनी आपल्या शेतजमिनीही विनोबाजींच्या ग्रामदानाच्या वाटेने गावाच्या स्वाधीन केल्या.

आम्हांला यात सर्वांत भावले ते मधाचे. पूर्वी पोळ्याखाली जाळ करून माशा मारीत आणि मध काढीत. तेथे माशा न मारता, पोळ्याचा मधाचा भागच तेवढा कापून घेण्याची रीत लोकांनी शिकून घेतली. पिल्ले राहतात, माशी राहते, पोळे पुन्हा भरते. कर्बाच्या काट्यावर याने एक तोळाही फरक पडत नाही. तरी ते केले. ज्याचे पोट रानावर आहे त्याला हाकलून रान राखता येते ही कल्पना शहरातल्या माणसाची. मेंढ्याचा अनुभव वेगळा आहे. बांबू ते तोडतात, विकतात, मजुरी घेतात, आणि अरण्य उभे आहे.

गडचिरोलीची गोष्ट मराठवाड्याला जशीच्या तशी लागू नाही, हे खरे. आपल्याकडे अरण्य नाही. गायरान आहे, आणि गायरानावर गुरे, मेंढरे, पारध्याचे पाल, भूमिहीनाची चार ओळी ज्वारी असे सगळेच दाटीने आहे. म्हणूनच तार ओढण्यापूर्वी जास्त विचार हवा.

आणि नुसते कारखानदाराला बोल लावून चालणार नाही, आपल्या घरातही पाहिले पाहिजे. २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात, सिंहस्थाला येणाऱ्या साधूंच्या निवासासाठी शेकडो झाडे तोडण्याचा प्रस्ताव निघाला. लोकांनी विरोध केला. तेव्हा सांगण्यात आले की त्याच्या कितीतरी पट झाडे दुसरीकडे लावू. नाव तपोवन, निमित्त धर्माचे, नदी आपलीच गोदावरी, आणि युक्तिवाद मात्र काट्याचा! जुन्या झाडाच्या ढोलीत ज्या घुबडाचे, पोपटाचे घर आहे त्याला दहा कोसांवरच्या हातभर रोपाचा काय उपयोग? साधू तर झाडाखाली राहणारा. त्याच्यासाठी झाड काढावे लागते, ही आमच्या बुद्धीच्या पलीकडची गोष्ट आहे. आपल्या दिंड्या, सप्ताह, मंदिराचे मंडप यांसाठीही गावोगाव असे घडते. आपण म्हणतो एकच फांदी, एकच झाड. पंचसूनेतली चूल अटळ होती. ही अटळ आहे का, एवढे मंडप ठोकण्यापूर्वी विचारायला काय हरकत?

त्या गावकऱ्यांना आम्ही त्या रात्री इतकेच सांगितले. करार वर्षानुवर्षांचे असतात, तेव्हा कागद मराठीत मागा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या. कोणती झाडे, किती प्रकारची, ते विचारा. गवत कुठे राहणार, पाणी कुठून येणार, रोपे वाळली तर कोण भरणार, जमीन कोणाच्या नावे राहणार, पैसा कधी आणि कोणाच्या हाती, हेही विचारा. माळावर आज कोणकोण नांदते, याची यादी आधी गावाने स्वतः करावी. शाळेतली पोरे आणि गुराखी मिळून ती आठ दिवसांत करतील. आणि ज्या दिवशी सभा असेल त्या दिवशी धनगरबाबांना मागे दाराशी बसू देऊ नका, पुढे बसवा. ते हसून म्हणाले, "म्या येईन, पर मेंढरं कोण राखील?" तेव्हा त्या शेतकऱ्याने, "मी राखीन एक दिस," असे म्हटले.